घटनाकाराचा मुलगा: ज्याँ-लुई देब्रे आणि फ्रान्सची संविधान परिषद

फ्रान्समध्ये आज लागू असलेली राज्यघटना 4 ऑक्टोबर 1958 रोजी जाहीर झाली आणि तिच्या मसुद्यावर सर्वांत ठळक छाप होती ती मिशेल देब्रे यांची. त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, मार्च 2007 मध्ये, या घटनेचे पालन होते की नाही हे पाहणाऱ्या संविधान परिषदेच्या अध्यक्षपदी त्यांचेच चिरंजीव ज्याँ-लुई देब्रे आले आणि पुढची 9 वर्षे त्या पदावर राहिले. वडिलांनी घटना लिहावी आणि मुलाने तिचा राखणदार व्हावे, हा योगायोग ऐकायला छान वाटतो. पण खरी गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे. मिशेल देब्रे यांनी ही परिषद निर्माण केली ती संसदेला वेसण घालण्यासाठी. ज्याँ-लुई यांनी ती सोडली तेव्हा सामान्य नागरिकालाही तिचे दार ठोठावता येत होते. एकाच संस्थेचा हेतू एका पिढीच्या अंतराने इतका कसा बदलला, हे समजले की फ्रान्सचे पाचवे प्रजासत्ताक, म्हणजे 1958 च्या घटनेने सुरू झालेली राज्यव्यवस्था, कसे चालते हेही बरेचसे समजते.

आधी घराण्याविषयी थोडे. देब्रे कुटुंब मूळचे आल्सास प्रांतातले ज्यू कुटुंब. ज्याँ-लुई यांचे पणजोबा सिमाँ देब्रे हे पॅरिसला लागून असलेल्या न्यईच्या ज्यू समाजाचे धर्मगुरू होते. आजोबा रोबेर देब्रे हे फ्रान्सच्या बालवैद्यकातले फार मोठे नाव. पॅरिसमधले मुलांचे एक मोठे रुग्णालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. वैद्यकीय शिक्षण, संशोधन आणि रुग्णसेवा ही तिन्ही कामे एकाच छताखाली आणणारी विद्यापीठ रुग्णालये फ्रान्समध्ये 1958 च्या डिसेंबरात सुरू झाली, ती त्यांच्याच आराखड्यानुसार. म्हणजे वडील देशाची रुग्णालये नव्याने उभी करत होते आणि मुलगा देशाची राज्यव्यवस्था, आणि दोन्ही एकाच वर्षात. मिशेल यांचे बंधू ऑलिव्हिए चित्रकार होते. धर्म, वैद्यक, कायदा, कला अशा वाटांनी चाललेल्या या घराण्यात राजकारण आले ते मिशेल यांच्यापासून.

मिशेल देब्रे यांचा जन्म 1912 चा. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मन ताब्याविरुद्धच्या भूमिगत लढ्यात होते, आणि मुक्तीनंतर देशाचा कारभार ज्यांच्या हाती द्यायचा त्या अधिकाऱ्यांची निवड करण्याच्या कामात त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. 1945 मध्ये वरिष्ठ प्रशासकीय अधिकारी घडवणारी राष्ट्रीय प्रशासन शाळा स्थापन झाली, त्यामागेही तेच होते. याच धामधुमीत, 30 सप्टेंबर 1944 रोजी, नुकत्याच मुक्त झालेल्या तुलूझ शहरात त्यांना जुळे मुलगे झाले: बर्नार आणि ज्याँ-लुई.

1958 ची घटना समजायची तर तिच्या आधीचा गोंधळ डोळ्यांसमोर हवा. 1946 ते 1958 या 12 वर्षांच्या चौथ्या प्रजासत्ताकात वीसहून अधिक सरकारे आली आणि गेली. सगळी सत्ता संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे, म्हणजे नॅशनल असेंब्लीकडे एकवटली होती, आणि तिथे लहानमोठ्या पक्षांच्या सोयरिकी जुळत नि मोडत असल्याने कोणतेही मंत्रिमंडळ काही महिन्यांपलीकडे क्वचितच टिकत असे. त्यात अल्जीरिया या उत्तर आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतीचे स्वातंत्र्ययुद्ध चिघळले आणि मे 1958 मध्ये अल्जीयर्समध्ये लष्कराने उघड बंडाचा पवित्रा घेतला. यादवी टाळण्यासाठी जनरल शार्ल द गॉल यांना सत्तेवर बोलावण्यात आले. त्यांनी न्यायमंत्रिपद मिशेल देब्रे यांच्याकडे दिले आणि नवी घटना तयार करण्याची जबाबदारीही. काही महिन्यांत मसुदा तयार झाला, 28 सप्टेंबरला सार्वमत झाले आणि मतदारांनी प्रचंड बहुमताने कौल दिला.

मिशेल देब्रे यांना ब्रिटिश पार्लमेंटचे आकर्षण होते. सरकारने राज्य करावे, संसदेने कायदे करावेत व लक्ष ठेवावे, आणि दोघांनी एकमेकांच्या पायांत पाय घालू नयेत, असे चित्र त्यांच्या मनात होते. ब्रिटनमध्ये हे काम दोन मोठ्या, शिस्तबद्ध पक्षांमुळे आपोआप होते. फ्रान्समध्ये असे पक्ष नव्हते, म्हणून पक्षशिस्तीचे काम घटनेच्या कलमांकडून करून घ्यावे, हा त्यांचा मूळ विचार. या घटनेतल्या पुष्कळशा कलमांचा उलगडा या एका गोष्टीने होतो.

उदाहरणार्थ, कलम 34 मध्ये संसद कोणकोणत्या विषयांवर कायदा करू शकते याची यादीच दिली आहे, आणि कलम 37 सांगते की त्या यादीबाहेरचे सगळे विषय सरकारने स्वतःच्या आदेशाने हाताळायचे आहेत. जगातल्या बहुतेक लोकशाह्यांमध्ये संसद कशावरही कायदा करू शकते. इथे तिला कुंपण घातले गेले. याहून प्रसिद्ध आहे ते कलम 49 चे तिसरे उपकलम. त्यानुसार पंतप्रधान एखाद्या विधेयकावर सरकारचे अस्तित्वच पणाला लावू शकतात. तसे त्यांनी केले की चर्चा थांबते आणि 24 तासांच्या आत विरोधकांनी अविश्वास प्रस्ताव आणला नाही, किंवा आणला पण तो मंजूर झाला नाही, तर विधेयक मतदानाशिवायच संमत झाल्याचे धरले जाते. बारकावा असा की अविश्वास प्रस्तावाला सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मते लागतात आणि फक्त बाजूची मतेच मोजली जातात. आज 577 सदस्यांच्या सभागृहात 289 मते हवीत. जो गैरहजर राहिला किंवा तटस्थ राहिला, तो प्रत्यक्षात सरकारच्याच बाजूने गेला. 2023 च्या मार्चमध्ये निवृत्तीचे वय वाढवणारा कायदा याच मार्गाने झाला, तेव्हा फ्रान्समध्ये जे आंदोलन पेटले त्यात 1958 च्या या युक्तीविषयीचा संतापही मिसळलेला होता.

आणि कुंपण घातले की त्यावर पहारेकरीही हवा. संसदेने कलम 34 ची हद्द ओलांडली तर तिला थांबवणार कोण, या प्रश्नाचे उत्तर म्हणून संविधान परिषद निर्माण झाली. ऑगस्ट 1958 मध्ये केलेल्या भाषणात मिशेल देब्रे यांनी ही परिषद म्हणजे संसदीय पद्धती भरकटू नये यासाठीचे शस्त्र आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. नागरिकांचे हक्क हा विषय त्या रचनेच्या केंद्रस्थानी नव्हताच. परिषदेकडे जाण्याचा अधिकारही फक्त चौघांना होता: राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान आणि दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष.

जानेवारी 1959 मध्ये मिशेल देब्रे पाचव्या प्रजासत्ताकाचे पहिले पंतप्रधान झाले. अल्जीरिया फ्रान्सचाच भाग राहावा असे त्यांचे ठाम मत होते, आणि द गॉल यांनी स्वातंत्र्याचा मार्ग धरल्यावरही त्यांनी निष्ठेने साथ दिली. एप्रिल 1962 मध्ये अल्जीरियाविषयीच्या करारावर सार्वमत होताच द गॉल यांनी त्यांच्या जागी जॉर्ज पॉम्पिदू यांना आणले. पंतप्रधान संसदेला जबाबदार असतो असे घटनेत लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात तो राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर असतो, हे फ्रान्सला कळले ते इथे, आणि ते अनुभवणारा पहिला माणूस घटनेचा लेखकच होता. पुढे त्यांनी अर्थ, परराष्ट्र आणि संरक्षण ही खाती सांभाळली, हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावरून ते दीर्घकाळ खासदार राहिले, आणि 1981 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मात्र त्यांना दोन टक्केही मते मिळाली नाहीत.

ज्याँ-लुई यांची वाटचाल या सावलीत सुरू झाली. त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि द गॉल यांच्या घटनाविषयक विचारांवर प्रबंध लिहिला. म्हणजे अभ्यासाचा विषयसुद्धा घरातलाच होता. 1970 च्या दशकात ते पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जाक शिराक यांच्या सहायकांच्या वर्तुळात आले आणि ही निष्ठा आयुष्यभर टिकली. मात्र खासदार होण्यापूर्वी ते न्यायाधीश झाले. फ्रान्समध्ये गंभीर गुन्ह्यांचा तपास करणारे स्वतंत्र न्यायाधीश असतात. पोलीस त्यांच्या आदेशाने चौकशी करतात, आणि आरोपीच्या विरोधातला तसाच बाजूचाही पुरावा गोळा करणे हे त्यांचे कर्तव्य असते. असे तपास न्यायाधीश म्हणून त्यांनी पॅरिसमध्ये काम केले. पुढे पोलीस कोठडीविषयीचा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आला, तेव्हा कोठडीची प्रत्यक्ष पद्धत त्यांना आतून माहीत होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

1986 मध्ये ते नॉर्मंडीतल्या अर जिल्ह्यातून नॅशनल असेंब्लीवर निवडून आले. त्याच निवडणुकीत त्यांचे जुळे बंधू बर्नार, जे मूत्ररोगतज्ज्ञ शल्यविशारद होते, तेही निवडून आले, आणि मिशेल देब्रे तर आधीपासून खासदार होतेच. त्यामुळे 1988 पर्यंत वडील आणि दोन मुलगे एकाच सभागृहात बसत होते. घराणेशाहीचा याहून ढळढळीत नमुना शोधूनही सापडणार नाही आणि ते झाकण्यात अर्थ नाही. आडनाव देब्रे नसते तर शिराक यांच्या दारापर्यंतची वाट इतकी सोपी झाली नसती. पण घराण्याचे म्हणून एक राजकारण असते असे मानणाऱ्यांनी 1995 ची निवडणूकही पाहावी. त्या वर्षी उजव्या गटातून शिराक आणि तत्कालीन पंतप्रधान एदुआर बालादूर असे दोघे एकमेकांविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. बर्नार हे बालादूर यांच्या मंत्रिमंडळात होते आणि त्यांनी बालादूर यांना पाठिंबा दिला; सर्वेक्षणे शिराक यांच्या विरोधात असतानाही ज्याँ-लुई शिराक यांच्याबरोबर राहिले. शिराक जिंकले आणि मे 1995 मध्ये ज्याँ-लुई गृहमंत्री झाले.

गृहमंत्रिपदाची दोन वर्षे हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत वादग्रस्त भाग आहे. पद स्वीकारून काही आठवडे होतात न होतात तोच, 25 जुलै 1995 रोजी, पॅरिसच्या सें-मिशेल स्थानकात उपनगरी रेल्वेगाडीत बाँबस्फोट झाला आणि 8 जण ठार झाले. अल्जीरियातल्या सशस्त्र इस्लामी गटाशी जोडलेल्या या स्फोटमालिकेने सगळे शहर धास्तावले. कोर्सिका बेटावरच्या फुटीरतावाद्यांनी जानेवारी 1996 मध्ये, गृहमंत्री बेटावर येण्याच्या आदल्याच रात्री, मुखवटे घातलेल्या शेकडो सशस्त्र माणसांसह पत्रकार परिषद घेतली आणि सरकारने ती होऊ दिली, अशी टीका झाली.

पण लोकांच्या आठवणीत राहिले ते सें-बर्नारचे चर्च. उत्तर पॅरिसच्या गूत-दोर वस्तीतल्या या चर्चमध्ये कागदपत्रे नसलेली सुमारे 300 आफ्रिकी माणसे, त्यात बायकामुलेही होती, 1996 च्या जूनपासून आश्रयाला राहिली होती आणि काहींनी उपोषण आरंभले होते. 23 ऑगस्टच्या सकाळी पोलिसांनी चर्चचा दरवाजा कुऱ्हाडीने फोडून त्यांना बाहेर काढले. ही दृश्ये दूरचित्रवाणीवर देशभर पाहिली गेली. पाठोपाठ ज्याँ-लुई यांनी परकीयांविषयी नवा कायदा आणला. परदेशी पाहुण्याला घरी ठेवणाऱ्या माणसाने तो पाहुणा परत गेल्याची खबर प्रशासनाला द्यावी, अशी तरतूद मूळ विधेयकात होती. फेब्रुवारी 1997 मध्ये चित्रपट दिग्दर्शकांच्या एका गटाने ती पाळणार नसल्याचे जाहीर केले, पॅरिसमध्ये प्रचंड मोर्चा निघाला आणि सरकारला ती तरतूद बदलावी लागली. उरलेला कायदा संविधान परिषदेपुढे गेला तेव्हा परिषदेने 22 एप्रिल 1997 च्या निर्णयात त्यातल्या आणखी काही तरतुदी रद्द केल्या. आश्रय मागणाऱ्यांच्या बोटांच्या ठशांची नोंदवही पोलिसांसाठी खुली करण्याची तरतूद त्यांपैकी एक. ज्या परिषदेने आपल्याच कायद्याला कात्री लावली, तिच्या अध्यक्षपदी हा मंत्री दहा वर्षांनी बसणार होता.

शिराक यांनी नॅशनल असेंब्लीची निवडणूक मुदतीआधी घेतली आणि 1997 मध्ये त्यांच्या पक्षाने ती गमावली. पाच वर्षे विरोधी बाकांवर पक्षाच्या गटाचे नेतृत्व केल्यानंतर जून 2002 मध्ये ज्याँ-लुई नॅशनल असेंब्लीचे अध्यक्ष झाले, आणि उमेदवारीच्या शर्यतीत त्यांच्यासमोर होते ते बालादूरच. या पदावरच्या पाच वर्षांत त्यांच्यातला सरकारनिष्ठ माणूस मागे पडत गेला आणि सभागृहाच्या सन्मानाची काळजी करणारा अध्यक्ष पुढे आला, असे मला वाटते. या काळातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे.

सप्टेंबर 2006 मध्ये सरकारी गॅस कंपनी गाझ द फ्रान्सचे खासगीकरण करणारे विधेयक सभागृहापुढे आले. त्याला विरोध म्हणून डाव्या पक्षांनी 1 लाख 37 हजारांहून अधिक दुरुस्त्या दाखल केल्या. प्रत्येक दुरुस्तीला फक्त पाच मिनिटे दिली असती आणि सभागृह दिवसरात्र चालवले असते, तरी सव्वा वर्षाहून अधिक काळ लागला असता. ज्याँ-लुई यांनी हे सगळे कागद छापून अध्यक्षांच्या उंच आसनाभोवती रचून ठेवायला सांगितले. माणसाच्या उंचीएवढ्या कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये बसलेल्या अध्यक्षांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी सर्व वर्तमानपत्रांत झळकली. विधेयक अखेरीस मंजूर झाले. मिशेल देब्रे यांनी संसदेला घातलेल्या वेसणीचा परिणाम कधीकधी असाही होतो: ज्या विरोधकांना विधेयक अडवण्याचा खरा मार्ग उरत नाही, ते कागदांचा डोंगर उभा करतात.

दुसरा प्रसंग वडिलांच्या कलमांचा अगदी अनपेक्षित उपयोग दाखवतो. 23 फेब्रुवारी 2005 च्या एका कायद्यात असे एक कलम होते की शाळांच्या अभ्यासक्रमांनी समुद्रापलीकडच्या, विशेषतः उत्तर आफ्रिकेतल्या, फ्रेंच अस्तित्वाच्या सकारात्मक भूमिकेची दखल घ्यावी. वसाहतवादाचे कौतुक मुलांना कायद्याने शिकवायचे काय, असा प्रश्न इतिहासकारांनी विचारला, अल्जीरिया आणि कॅरिबियन बेटांमध्ये संताप उसळला. कायदा उघडपणे रद्द करायला सत्ताधारी पक्षाचेच खासदार तयार नव्हते. शिराक यांनी ज्याँ-लुई यांना तोड काढायला सांगितले. शेवटी जो मार्ग निघाला तो कलम 37 चा: शाळेचा अभ्यासक्रम हा विषय संसदेच्या यादीतच येत नाही, तेव्हा ही ओळ कायद्यात असायलाच नको होती, असे सरकारने संविधान परिषदेपुढे मांडले. 31 जानेवारी 2006 रोजी परिषदेने ते मान्य केले, आणि पुढच्याच महिन्यात सरकारने साध्या आदेशाने ती ओळ काढून टाकली. संसदेत मतदान नाही, कोणाची नामुष्की नाही. संसदेला आवर घालण्यासाठी केलेले कलम एका अन्यायकारक वाक्याला पुसून टाकण्यासाठी कामी आले.

फेब्रुवारी 2007 मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाची मुदत संपत आली असताना, शिराक यांनी ज्याँ-लुई यांची संविधान परिषदेच्या अध्यक्षपदी नेमणूक केली. या परिषदेत 9 सदस्य असतात आणि प्रत्येकाची मुदत 9 वर्षांची असते. तिघांना राष्ट्राध्यक्ष नेमतात, तिघांना नॅशनल असेंब्लीचे अध्यक्ष आणि तिघांना सिनेटचे अध्यक्ष. शिवाय माजी राष्ट्राध्यक्षांना तिथे तहहयात बसण्याचा हक्क आहे. सदस्य कायदेतज्ज्ञ असलेच पाहिजेत अशी अट नाही.

मिशेल देब्रे यांच्या मूळ कल्पनेपासून परिषद तोवर बरीच दूर आलेली होती. 16 जुलै 1971 च्या निर्णयात तिने संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्यावर घाला घालणारी तरतूद रद्द केली आणि प्रथमच असे म्हटले की 1789 चा मानवी हक्कांचा जाहीरनामा व 1946 च्या घटनेची प्रस्तावना हे दोन्ही राज्यघटनेचेच भाग असून संसदेला ते बंधनकारक आहेत. 1974 मध्ये राष्ट्राध्यक्ष वालेरी जिस्कार देस्तां यांनी घटनादुरुस्ती करून 60 खासदारांना किंवा 60 सिनेटरांना परिषदेकडे जाण्याची मुभा दिली, त्यामुळे विरोधी पक्षाला हे दार खुले झाले. तरीही एक मोठी उणीव उरलीच. परिषद कायदा तपासायची तो फक्त संसदेने मंजूर केल्यानंतर आणि राष्ट्राध्यक्षांची सही होण्यापूर्वी. एकदा सही झाली की तो कायदा कितीही घटनाबाह्य असो, फ्रान्समधले कोणतेही न्यायालय त्याला हात लावू शकत नव्हते. भारतात घटना लागू झाल्यापासून नागरिक मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. मानवी हक्कांचा जाहीरनामा जगाला देणाऱ्या फ्रान्समध्ये 2010 पर्यंत ही सोय नव्हती, हे वाचून आपल्याकडच्या वाचकाला नवल वाटेल.

हा अडसर दूर झाला तो 2008 च्या घटनादुरुस्तीने. वर्सायच्या राजवाड्यात दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक झाली. तीन पंचमांश बहुमतासाठी 538 मते हवी होती, मिळाली 539. या दुरुस्तीने घटनेत जो नवा मार्ग आणला, त्याला मराठीत घटनात्मकतेचा अग्रक्रमाचा प्रश्न म्हणता येईल. त्याची रीत अशी: कोणत्याही न्यायालयात खटला चालू असताना पक्षकार म्हणू शकतो की माझ्यावर लावलेला कायदाच घटनेने दिलेल्या हक्कांवर घाला घालतो. तो आक्षेप देशातल्या दोन सर्वोच्च न्यायालयांपैकी संबंधित न्यायालयाकडे जातो. दिवाणी व फौजदारी बाब असेल तर कोर्ट ऑफ कॅसेशनकडे, प्रशासकीय बाब असेल तर राज्य परिषदेकडे. तिथे तीन महिन्यांत छाननी होते आणि आक्षेप गंभीर वाटला तर तो संविधान परिषदेकडे येतो, जिने आणखी तीन महिन्यांत निकाल द्यायचा असतो. म्हणजे सहा महिन्यांत उत्तर. आपल्याकडे तारखांवर तारखा पाहिलेल्या माणसाला या मुदतीचे मोल वेगळे सांगायला नको.

1 मार्च 2010 पासून ही पद्धत सुरू झाली आणि ती रुजवण्याचे काम ज्याँ-लुई यांच्या वाट्याला आले. परिषद तोवर बंद दाराआड, बव्हंशी कागदांवर काम करत असे. पॅले-रोयालच्या एका बाजूला असलेल्या तिच्या जागेत आता सुनावणीचे दालन तयार झाले, दोन्ही बाजूंचे वकील उभे राहून युक्तिवाद करू लागले आणि सुनावणीचे चित्रीकरण लोकांना पाहता येऊ लागले. न्यायाधीश म्हणून काम केलेल्या माणसाला हे साहजिक वाटले असेल, पण त्या संस्थेसाठी हा कायापालट होता.

पहिला निकाल आला 28 मे 2010 रोजी, आणि त्याचा विषयही फ्रान्सच्या इतिहासाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारा होता. वसाहतींमधून फ्रेंच सैन्यात लढलेल्या सैनिकांची निवृत्तिवेतने त्यांचे देश स्वतंत्र झाल्यावर जुन्याच दराने गोठवली गेली होती, तर फ्रेंच सैनिकांची वाढत गेली. अल्जीरियन सैनिकाच्या कुटुंबीयांनी हा भेद परिषदेपुढे आणला. एकाच देशात राहणाऱ्या दोन माजी सैनिकांना केवळ राष्ट्रीयत्वामुळे वेगळी रक्कम देणे हे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असे म्हणून परिषदेने त्या तरतुदी रद्द केल्या. अल्जीरिया फ्रेंच राहावा म्हणून झगडलेल्या पंतप्रधानाच्या मुलाच्या अध्यक्षतेखाली, वडिलांच्याच घटनेच्या नावे, हा निकाल दिला गेला.

दोन महिन्यांनी, 30 जुलै 2010 रोजी, पोलीस कोठडीचा निकाल आला. तोवर फ्रान्समध्ये कोठडीतल्या माणसाला चौकशीच्या वेळी वकील सोबत ठेवता येत नसे. थोडा वेळ भेट मिळे, इतकेच. 2009 मध्ये 7 लाख 90 हजारांहून अधिक वेळा लोकांना अशा कोठडीत ठेवले गेले होते. परिषदेने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली, पण ती तत्काळ रद्द केली असती तर चालू तपास कोलमडले असते, म्हणून कायदा बदलायला 1 जुलै 2011 पर्यंतची मुदत दिली. संसदेने एप्रिल 2011 मध्ये नवा कायदा केला. एकेकाळी चर्चचा दरवाजा फोडणाऱ्या पोलिसांचे मंत्री असलेले ज्याँ-लुई आता त्याच पोलिसांच्या अधिकारांना लगाम घालत होते. माणूस बदलतो की पद माणसाला बदलवते, याचे उत्तर मी देऊ धजणार नाही, पण या दोन तारखा एकत्र वाचल्याशिवाय त्यांचे मूल्यमापन अपुरे राहते.

सगळेच निकाल वाखाणले गेले असे मात्र नाही. 4 मे 2012 रोजी परिषदेने लैंगिक छळाच्या गुन्ह्याची व्याख्या फार संदिग्ध आहे म्हणून ते कलम रद्द केले, आणि या वेळी मुदत न देता तत्काळ. परिणामी चालू असलेले खटले बंद पडले आणि ऑगस्टमध्ये नवा कायदा येईपर्यंत पीडित स्त्रियांना कायद्याचे ते संरक्षणच उरले नाही. कोठडीच्या बाबतीत दाखवलेली सबुरी इथे का दाखवली नाही, हा स्त्री संघटनांचा सवाल रास्त होता. गुन्ह्याची व्याख्या स्पष्ट असावी हे तत्त्व निर्विवाद आहे, पण त्याची किंमत आरोपींनी मोजली नाही, तक्रारदारांनी मोजली.

सत्तेतल्या लोकांशीही परिषदेचे खटके उडत राहिले. राष्ट्राध्यक्ष निकोला सारकोझी यांचा कार्बन कर डिसेंबर 2009 मध्ये रद्द झाला, कारण इतक्या मोठ्या प्रदूषकांना त्यातून सूट होती की करामागचा हेतूच उरत नव्हता. तीन वर्षांनी, सरकार डाव्यांचे असताना, राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा ओलांद यांचा अतिश्रीमंतांवरचा 75 टक्के करही टिकला नाही. मात्र मे 2013 मध्ये समलिंगी विवाहाचा कायदा परिषदेने वैध ठरवला. त्याच वर्षी 4 जुलै रोजी सर्वांत नाजूक निकाल आला. 2012 च्या निवडणुकीत सारकोझी यांनी खर्चाची मर्यादा ओलांडल्याचे ठरवून परिषदेने त्यांचे हिशेब फेटाळले, आणि सरकारी भरपाईपोटी मिळणारे जवळजवळ 1 कोटी 10 लाख युरो त्यांच्या पक्षाच्या हातून गेले. सारकोझी स्वतः माजी राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याच परिषदेचे सदस्य होते. त्यांनी त्याच दिवशी परिषद सोडत असल्याचे जाहीर केले. माजी राष्ट्राध्यक्षांना मिळणारा हा तहहयात हक्क बंद करावा, असे ज्याँ-लुई उघडपणे म्हणत, आणि या प्रसंगाने त्यांच्या म्हणण्याला आयताच पुरावा मिळाला. तो हक्क आजही घटनेत कायम आहे.

मार्च 2016 मध्ये त्यांची मुदत संपली आणि समाजवादी पक्षाचे माजी पंतप्रधान लोराँ फाबियुस त्यांच्या जागी आले. त्यानंतर ज्याँ-लुई पुस्तके लिहीत राहिले आणि फ्रान्सच्या इतिहासातल्या कर्तबगार स्त्रियांवरचा एक कार्यक्रम घेऊन चक्क रंगमंचावरही उभे राहिले. साथीच्या काळात प्रादेशिक निवडणुका कधी घ्याव्यात हे ठरवण्यासाठी सरकारने 2020 मध्ये त्यांचाच सल्ला घेतला, आणि त्यांच्या शिफारशीप्रमाणे त्या जून 2021 मध्ये झाल्या. बर्नार यांचे 2020 मध्ये निधन झाले. ज्याँ-लुई 4 मार्च 2025 रोजी, वयाच्या 80 व्या वर्षी वारले.

त्याच आठवड्यात संविधान परिषदेच्या अध्यक्षपदी रिशार फेराँ आले. तेही नॅशनल असेंब्लीचे माजी अध्यक्ष, तेही नेमणूक करणाऱ्या राष्ट्राध्यक्षांचे, म्हणजे इमान्युएल माक्राँ यांचे, जुने निष्ठावंत सहकारी. राष्ट्राध्यक्षांनी आपल्याच निष्ठावंताची वर्णी लावली, असे जे 2007 मध्ये ज्याँ-लुई यांच्याविषयी म्हटले गेले होते, तेच आता फेराँ यांच्याविषयी म्हटले गेले. एक फरक मात्र 2008 च्या घटनादुरुस्तीने झाला आहे. आता अशा नेमणुका संसदेच्या समित्यांपुढे येतात आणि तीन पंचमांश मते विरोधात पडली तर त्या रद्द होतात. ज्याँ-लुई यांना अशी परीक्षा द्यावी लागली नव्हती. फेराँ यांना द्यावी लागली: नकारासाठी 59 मते हवी होती, पडली 58.